प्रश्न विचारणाऱ्याचे वेतन कोणी द्यावे?

अमेरिकेतील ज्येष्ठ दूरचित्रवाणी पत्रकार बिल मॉयर्स यांचे २६ जून २०२५ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ९१ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर महिना उलटला नाही तोच, ज्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर त्यांनी हयातीचा मोठा भाग मुलाखती घेण्यात घालविला, तिला दिलेले सरकारी अनुदान अमेरिकी संसदेने परत घेतले. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही. तथापि एकीच्या उजेडात दुसरी पाहिली म्हणजे जो प्रश्न समोर येतो, तो केवळ अमेरिकेपुरता नाही. लोकशाहीत सत्ताधाऱ्यांना, तज्ज्ञांना आणि धनवंतांना समाजाच्या वतीने प्रश्न विचारणारा कोणीतरी असावा, हे सर्वांना मान्य आहे. त्या प्रश्नकर्त्याचे वेतन कोणी द्यावे, याबद्दल मात्र कोणत्याही देशाला पूर्ण समाधानकारक उत्तर अद्याप सापडलेले नाही. मॉयर्स यांच्या कार्यक्रमांचा इतिहास हा एका अर्थाने या अनुत्तरित प्रश्नाचाच इतिहास आहे.

एक तास, एक माणूस

मॉयर्स यांचा जन्म १९३४ साली ओक्लाहोमा राज्यातील ह्यूगो या गावी झाला. बालपण टेक्सासमधील मार्शल या लहानशा शहरात गेले आणि सोळाव्या वर्षी तेथील स्थानिक वृत्तपत्रात त्यांनी उमेदवारी सुरू केली. पुढे त्यांनी पत्रकारितेच्या जोडीने धर्मशास्त्राचा अभ्यास केला, बाप्टिस्ट धर्मोपदेशक म्हणून दीक्षा घेतली, ‘पीस कोअर’ या सरकारी स्वयंसेवक-योजनेच्या उभारणीत भाग घेतला आणि १९६५ ते १९६७ या काळात ते राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे वृत्तसचिव होते. व्हिएतनामचे युद्ध चिघळत चालल्याचे ते दिवस. वार्ताहरांचे प्रश्न कसे वळवावेत, कसे बोथट करावेत आणि उत्तर दिल्यासारखे करून कसे देऊ नये, ही विद्या त्यांना सत्तेच्या बाजूला बसून पाहावयास मिळाली. ज्याने उत्तरे टाळण्याची कला जवळून पाहिली आहे, त्याला प्रश्न विचारण्याची कला लवकर साध्य होत असावी.

‘न्यूजडे’ या दैनिकाचे प्रकाशकपद काही वर्षे सांभाळल्यानंतर १९७० च्या दशकाच्या आरंभी ते सार्वजनिक दूरचित्रवाणीकडे वळले. ‘बिल मॉयर्स जर्नल’ हा त्यांचा कार्यक्रम १९८१ पर्यंत दोन टप्प्यांत आणि पुन्हा २००७ ते २०१० या काळात चालला. त्यामध्ये ‘नाऊ’ (२००२ ते २००४) आणि शेवटी ‘मॉयर्स अँड कंपनी’ (२०१२ ते २०१५) अशी मालिकांची रांग आहे. मधली काही वर्षे त्यांनी सीबीएस या व्यापारी वाहिनीवरही काम केले, आणि दोन्हीकडचा अनुभव घेऊन ते सार्वजनिक वाहिनीकडे परत आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या कार्यक्रमांची रचना अगदी साधी असे. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन माणसे आणि मध्ये जाहिरातींचा व्यत्यय नाही. पाहुणा कधी सिनेटर, कधी कवी, कधी डॉक्टर, कधी कामगार. प्रश्न लहान असे. उत्तर पुरे होऊ दिले जाई आणि त्या उत्तरातूनच दुसरा प्रश्न निघे. मुलाखतीचे मर्म या दुसऱ्या प्रश्नात असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुत्सद्दी घरूनच तयार करून आणतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला तेथे बसून शोधावे लागते, आणि त्यासाठी वेळ लागतो. दीड मिनिटाच्या बातमीत किंवा आठ जणांच्या गलक्यात हा दुसरा प्रश्न विचारताच येत नाही.

१९८८ साली पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांच्याशी झालेली मॉयर्स यांची प्रदीर्घ बातचीत सहा तासांच्या सहा भागांत प्रसारित झाली. कॅम्बेल त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते. एक वृद्ध प्राध्यापक मिथ्यकथांवर सहा तास बोलतो, हे कोणत्याही जाहिरातदाराला सांगून पाहावे! परंतु ती मालिका सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या सर्वाधिक लोकप्रिय मालिकांपैकी एक ठरली आणि तिच्यावर आधारलेले पुस्तक मोठ्या प्रमाणावर खपले. प्रेक्षकांना काय आवडेल याविषयीचा बाजाराचा अंदाज नेहमीच बरोबर असतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

राजकीय विषयांत त्यांनी अधिक अवघड वाट धरली. एप्रिल २००७ मध्ये ‘जर्नल’चे पुनरागमन झाले ते इराक युद्धापूर्वीच्या वृत्तपत्रीय अपयशाचा पंचनामा करूनच. २००३ चे युद्ध सुरू होण्याआधी सरकारने केलेले दावे नामांकित वृत्तसंस्थांनी का तपासले नाहीत, हा प्रश्न त्यांनी आपल्याच व्यवसायातील प्रतिष्ठितांना समोर बसवून विचारला. ज्या थोड्या वार्ताहरांनी ते दावे तपासले होते आणि ज्यांच्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिले नव्हते, त्यांनाही बोलते केले.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला त्यांचे आणखी एक काम विशेष मोलाचे वाटेल. मिलवॉकी या औद्योगिक शहरात १९९० च्या दशकारंभी कारखान्यांतील चांगल्या पगाराच्या नोकऱ्या गमावलेली दोन कुटुंबे – एक गोरे, एक कृष्णवर्णीय – त्यांनी निवडली आणि दोन दशकांहून अधिक काळ पुनःपुन्हा त्यांच्या घरी जाऊन तेच प्रश्न विचारले. काम मिळाले का? पगार किती? घराचा हप्ता भरला का? मुलांच्या शिक्षणाचे काय? या काळात अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न वाढत होते. शेअरबाजार चढत होता. सरासरीच्या आकड्यांत न दिसणारी घसरण या दोन घरांच्या स्वयंपाकघरांत मात्र स्पष्ट दिसत होती. एकच माणूस वीस वर्षांनी तोच प्रश्न घेऊन परत येतो, यात जे सामाजिक शास्त्र आहे ते कित्येक प्रबंधांत नसते.

बाजाराला हा व्यवहार का परवडत नाही?

असे कार्यक्रम व्यापारी वाहिन्या का करीत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या दुष्टपणात शोधण्याचे कारण नाही. ते साध्या हिशेबात आहे. जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीचे खरे ग्राहक प्रेक्षक नसतात. तिचे ग्राहक जाहिरातदार असतात, आणि त्यांना विकला जाणारा माल म्हणजे प्रेक्षकांचे लक्ष. कार्यक्रम हे ते लक्ष गोळा करण्याचे साधन. मग कमीत कमी खर्चात अधिकाधिक लक्ष ज्याने मिळेल तोच कार्यक्रम निवडला जाणार. भांडण स्वस्त असते. चार परस्परविरोधी पाहुणे आणि एक चढ्या आवाजाचा निवेदक एवढ्या भांडवलावर ते दररोज संध्याकाळी उभे करता येते. त्याउलट एका तासाच्या मुलाखतीमागे आठवडाभराचे वाचन, संशोधक सहायक, कागदपत्रांची छाननी आणि प्रवास असतो. आणि एवढे करून जे निघते त्यात आरडाओरडा नसल्याने लक्ष कमीच गोळा होते. आपल्याकडील बहुतेक वृत्तवाहिन्यांवर रात्री काय चालते, याचे स्पष्टीकरण या दोन ओळींच्या जमाखर्चात मिळते.

दुसरा मुद्दा थोडा शास्त्रीय आहे. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली एका छोट्याशा निबंधात सार्वजनिक वस्तूंची जी मीमांसा केली, ती प्रत्येक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकविली जाते. एकाने उपभोगल्यामुळे दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्याला वगळणे अवघड असते, अशी ही वस्तू होय. दीपस्तंभाचा प्रकाश हे तिचे नेहमीचे उदाहरण. सांकेतिक कुलूप लावून कार्यक्रम आज फक्त वर्गणीदारांना दाखविता येतो, हे खरे. परंतु चांगल्या मुलाखतीचा लाभ ती पाहणाऱ्यापुरता राहत नाही. मंत्र्याला एकदा नेमका प्रश्न विचारला गेला आणि त्याला उत्तर द्यावे लागले, तर पुढच्या वेळी तो विधान करताना जपून करतो. या सावधपणाचा लाभ ज्याने तो कार्यक्रम पाहिला नाही त्यालाही मिळतो. ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संचच नाही त्यालाही मिळतो. अशा लाभाची किंमत कोणी आपणहून मोजीत नाही. प्रत्येकाला वाटते की, दुसरा देईलच. परिणामी समाजाला जितकी गरज असते त्याहून ही वस्तू बाजारात नेहमी कमीच निर्माण होते.

मग ती शासनाने निर्माण करावी, हे ओघानेच आले. परंतु येथेच खरी गाठ बसते. दीपस्तंभ सरकारने बांधला तर तो सरकारी जहाजालाच वाट दाखवील अशी भीती नसते. मुलाखतीचे तसे नाही. ज्याला प्रश्न विचारावयाचे, त्याच्याच हाती प्रश्नकर्त्याच्या वेतनाची थैली असेल, तर ती थैली केव्हा आवळली जाईल हे सांगता येत नाही.

कार्नेगी आयोगाची अमान्य सूचना

ही गाठ अमेरिकेतील जाणत्यांना आरंभापासूनच दिसत होती. जेम्स किलियन यांच्या अध्यक्षतेखालील कार्नेगी आयोगाने १९६७ च्या आरंभी सार्वजनिक दूरचित्रवाणीची योजना मांडली. तीत पैशाची व्यवस्थाही विचारपूर्वक सुचविली होती. दूरचित्रवाणी संचांच्या उत्पादनावर अल्प दराने अबकारी कर बसवावा, त्याचे उत्पन्न एका स्वतंत्र विश्वस्त निधीत जमा व्हावे आणि त्यातून प्रसारणाचा खर्च भागावा, अशी ती सूचना होती. हेतू उघड होता. दरवर्षी संसदेच्या दारात पदर पसरावा लागू नये आणि कोणत्या कार्यक्रमामुळे कोण रागावले याचा निधीशी संबंध राहू नये.

जॉन्सन यांनी ७ नोव्हेंबर १९६७ रोजी सार्वजनिक प्रसारण कायद्यावर स्वाक्षरी केली. महामंडळ स्थापन झाले. पुढे ‘पीबीएस’ ही स्थानिक केंद्रांना जोडणारी संस्था १९७० पासून कार्यक्रम पुरवू लागली. परंतु विश्वस्त निधीची सूचना मात्र कायद्यात आली नाही. इमारत आराखड्याप्रमाणे उभी राहिली. पाया तेवढा घालावयाचा राहिला. पुढील अर्धशतकाहून अधिक काळात जे घडले त्याचे बीज या एका वगळलेल्या कलमात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

फार काळ वाट पाहावी लागली नाही. ३० जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाला दोन वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलर देणारे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठविले. स्थानिक केंद्रांऐवजी मध्यवर्ती महामंडळाच्या हाती सत्ता एकवटत आहे, असे कारण दिले गेले. प्रत्यक्षात राजकीय घडामोडींवरील कार्यक्रम आणि त्यांचे निवेदक व्हाइट हाउसला डाचत होते. १९७३ च्या आरंभी महामंडळाने अशा बहुतेक कार्यक्रमांचा पैसा थांबविण्याचे ठरविले. त्यांत मॉयर्स यांचे ‘जर्नल’ होते, त्याचप्रमाणे विल्यम बकली यांचा ‘फायरिंग लाइन’ हाही कार्यक्रम होता. बकली हे अमेरिकी रूढिवादी विचारांचे सर्वांत नामांकित प्रवक्ते. आघात विशिष्ट मतावर झाला असता तर ते वाचले असते. आघात प्रश्न विचारण्याच्या क्रियेवरच होता.

दोन्ही कार्यक्रम अन्य आधारांवर तगले. त्याच वर्षी वॉटरगेट प्रकरणाची सिनेटपुढील संपूर्ण सुनावणी याच सार्वजनिक दूरचित्रवाणीने रोज रात्री दाखविली, आणि प्रेक्षकांच्या देणग्या वाढल्या. पुढे १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या काळात अनेक वर्षांचा निधी आगाऊ ठरविण्याची पद्धत कायद्याने आली. हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा तोडगा होता. निधी दोन वर्षे आधी मंजूर झाल्याने आजच्या कार्यक्रमाचा राग उद्याच्या अंदाजपत्रकावर काढणे कठीण झाले. परंतु कठीण म्हणजे अशक्य नव्हे.

पाहुण्यांची वर्गवारी आणि निधीची माघार

२००५ साली याचे एक विलक्षण प्रत्यंतर आले. महामंडळाचे तत्कालीन अध्यक्ष केनेथ टॉमलिन्सन यांनी मॉयर्स यांच्या ‘नाऊ’ या कार्यक्रमातील पाहुण्यांवर नजर ठेवण्यासाठी १४ हजार डॉलरांहून अधिक रक्कम देऊन एक सल्लागार नेमल्याचे उघड झाले. आपल्याच संचालक मंडळाला त्यांनी याची कल्पना दिली नव्हती. सल्लागाराने कोणता पाहुणा उदारमतवादी, कोणता रूढिवादी, कोण सरकारच्या बाजूचा, कोण विरोधी, अशा याद्या केल्या. त्या अहवालात सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचेच सिनेटर चक हेगेल हेही ‘उदारमतवादी’ ठरले, कारण त्यांनी सरकारच्या धोरणाविषयी शंका व्यक्त केली होती! चौकशीचा प्रतिकूल अहवाल आल्यावर नोव्हेंबर २००५ मध्ये टॉमलिन्सन यांना जावे लागले. या प्रकरणाचा अर्थ सोपा आहे. निःपक्षपातीपणाचे मोजमाप ज्याच्या हाती पैसा तोच करू लागला, म्हणजे शंका घेणे हाच पक्षपात ठरतो.

यानंतर वीस वर्षांनी शेवटचा अंक आला. १ मे २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पक्षपाताचा ठपका ठेवून हा निधी थांबविण्याचा आदेश काढला. जुलै २०२५ मध्ये संसदेने, पुढील दोन वर्षांसाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १ अब्ज १० कोटी डॉलर परत घेण्याचा कायदा केला. सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ आणि प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध २१३ अशा निसटत्या मतांनी तो संमत झाला. म्हणजे १९७५ ची आगाऊ मंजुरीची ढालही उपयोगी पडली नाही. जे दिले होते तेच काढून घेता आले. १ ऑगस्ट रोजी महामंडळाने कामकाज आवरते घेत असल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याच्या संचालकांनी संस्था विसर्जित करण्याचा ठराव केला. ५८ वर्षांची एक संस्था अशा रीतीने संपली.

ही रक्कम किती मोठी होती? दर अमेरिकी नागरिकामागे वर्षाला साधारण दीड डॉलरहून किंचित अधिक. त्यातील ७० टक्क्यांहून अधिक वाटा स्थानिक केंद्रांकडे जात असे. न्यूयॉर्क किंवा बॉस्टनमधील केंद्र श्रीमंत प्रेक्षकांच्या देणग्यांवर तगून राहील. विरळ वस्तीच्या ग्रामीण राज्यांतील केंद्रांचे तसे नाही. त्यांच्या जमेच्या बाजूला या अनुदानाचा हिस्सा फार मोठा होता. म्हणजे कपातीचा भार पडला तो ज्यांना पर्याय कमी त्यांच्यावर. अनुदाने रद्द होतात तेव्हा असेच होते, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव आहे.

आक्षेपांचा विचार

या कपातीच्या समर्थकांचे युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, जी मते करदात्याला मान्य नाहीत त्यांच्या प्रसारासाठी त्याच्या खिशातून पैसा का घ्यावा? मॉयर्स डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षाचे वृत्तसचिव होते आणि त्यांचा कल उदारमतवादी होता, हे त्यांनी कधी लपविले नाही. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपाय आवाज बंद करणे हा नसून दुसरा आवाज जोडणे हा आहे, आणि तो त्याच वाहिनीवर झालेलाही होता. बकली यांचा ‘फायरिंग लाइन’ १९७१ पासून १९९९ पर्यंत सार्वजनिक दूरचित्रवाणीवर चालला आणि त्यांनी आपल्या कडव्या विरोधकांनाही तासभर समोर बसवून वाद घातला. २०१८ पासून तो नव्या सूत्रसंचालिकेसह पीबीएसवर पुन्हा सुरू झाला. दोन टोकांची मते असलेली दोन माणसे एकाच सार्वजनिक व्यासपीठावरून सभ्यपणे दीर्घकाळ प्रश्न विचारू शकली, हे त्या संस्थेच्या बाजूचे मोठे प्रशस्तिपत्र आहे.

दुसरा आक्षेप असा की, आता मोबाइलच्या पडद्यावर हवा तितक्या लांबीच्या मुलाखती फुकट मिळतात. मग सरकारी खर्च कशाला? मुलाखती मिळतात हे खरे. परंतु तेथे पाहुणा मुलाखतकार निवडतो. अवघड प्रश्न विचारणाऱ्याला टाळून स्तुती करणाऱ्याकडे तीन तास बसणे सत्ताधाऱ्यांना आज सहज शक्य आहे. लांबी म्हणजे खोली नव्हे. सार्वजनिक संस्थेच्या पाठीमागे जी प्रतिष्ठा असते तिच्यामुळे तिचे निमंत्रण नाकारणे अवघड जाते. नाकारले तर तेही लोकांना दिसते.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मॉयर्स यांच्या उत्तरकाळातील कार्यक्रमांचा खर्च बहुतांशी धर्मादाय प्रतिष्ठानांनी उचलला होता. मग सरकारी निधीचे एवढे महत्त्व काय? उत्तर असे की, गाडी देणगीच्या पैशाने चालली तरी रस्ता सार्वजनिक पैशाने बांधलेला होता. देशभर पसरलेली केंद्रे, त्यांची प्रक्षेपण व्यवस्था आणि प्रेक्षकांची सवय हे सर्व त्या दीड डॉलरातून उभे राहिले होते. शिवाय देणगीदारालाही आवडनिवड असते. सरकारची थैली नको म्हणून धनिकाची थैली स्वीकारली, तर प्रश्न बदलतो, सुटत नाही.

ब्रिटनमध्ये प्रेक्षकाकडून परवाना-शुल्क घेऊन बीबीसी चालते. एप्रिल २०२५ पासून ते वर्षाला १७४.५० पौंड होते. तेथे पैसा थेट प्रेक्षकाकडून येत असल्याने सरकारची पकड सैल राहते. मात्र गरीब-श्रीमंत सर्वांना एकच रक्कम भरावी लागते. हा कर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला अधिक बोचतो, आणि त्याची रक्कम शेवटी सरकारच ठरविते. निर्दोष पद्धत कोठेही नाही. कमी दोषांची पद्धत निवडणे एवढेच हाती असते; आणि निवड करताना एकच कसोटी लावावी की, आजच्या प्रश्नाचा राग उद्याच्या पगारावर काढता येतो की नाही.

आपल्याकडील हिशेब

मॉयर्स यांच्या निधनाची तारीख भारतीय वाचकाला एका वेगळ्या कारणाने आठवेल. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, २६ जून १९७५ च्या सकाळी, आकाशवाणीवरून आणीबाणीची घोषणा देशाने ऐकली होती. सरकारच्या मालकीचे प्रसारण सरकारच्या हातात काय होऊ शकते, याचा धडा पुढील सुमारे एकवीस महिने आपण घेतला. त्या धड्यातूनच १९७७ मध्ये बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९७८ साली ‘आकाश भारती’ या स्वायत्त राष्ट्रीय विश्वस्त संस्थेची शिफारस केली. ती तशी अमलात आली नाही. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि तो प्रत्यक्षात लागू होण्यास १९९७ उजाडावे लागले. दरम्यान १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा महत्त्वाचा निर्णय दिला होता. सार्वहिताच्या सर्व विषयांवर मोकळेपणाने, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या नागरिकांच्या हक्काचे रक्षण करणे, हे प्रसार भारतीचे एक उद्दिष्ट म्हणून कायद्यातच नमूद आहे.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९८५ साली दिल्ली दूरदर्शनवर विनोद दुआ यांनी चालविलेल्या ‘जनवाणी’ या कार्यक्रमात सामान्य नागरिक केंद्रीय मंत्र्यांना समोरासमोर प्रश्न विचारीत. सरकारी वाहिनीवर हे घडावे याचेच त्या वेळी अप्रूप होते. पुढे तो बंद पडला. १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई केंद्राने ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमातून निवांत, अभ्यासपूर्ण मुलाखत मराठी घरांत नेली. साहित्यिकाला आणि कलावंताला त्याच्या कामाविषयी नेमके प्रश्न विचारता येतात, हे मराठी प्रेक्षकाने तेथे पाहिले. तीच पद्धत पाटबंधारे खात्याच्या मंत्र्याला, सहकारी बँकेच्या अध्यक्षाला किंवा कुलगुरूंना लागू करण्याची परंपरा मात्र रुजली नाही. मुलाखतीची कला आपल्याकडे होती. तिला सत्तेच्या दालनात प्रवेश मिळाला नाही.

याचे कारण पुन्हा जमाखर्चात आहे. प्रसार भारती नावाने स्वायत्त झाली, पण तिच्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा मुख्य भार केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातील अनुदानावरच राहिला. दरवर्षी ज्या मंत्रालयाच्या मागण्यांमधून आपला पगार मंजूर होतो, त्या मंत्रालयाच्या मंत्र्याला दुसरा प्रश्न विचारणारा निवेदक क्वचितच निपजतो. यात निवेदकाच्या भित्रेपणाचा दोष काढणे अन्यायाचे होईल.

या स्थितीवर उपाय सुचविताना फार दूर जाण्याची गरज नाही. आपल्या राज्यघटनेने एक नमुना घालून दिलेलाच आहे. केंद्र आणि राज्ये यांच्यातील करवाटपाचा प्रश्न दरवर्षीच्या रस्सीखेचीवर न सोडता तो दर पाच वर्षांनी वित्त आयोगाकडे सोपविला जातो. सार्वजनिक प्रसारणाचा निधीही अशाच एका निष्पक्ष आयोगाने पाच वर्षांसाठी ठरवावा आणि तो मुदतीच्या आत कमी करता येऊ नये, अशी तरतूद कायद्यात असावी. दुसरे, प्रत्येक प्रादेशिक वाहिनीने, त्यात सह्याद्रीही आली, आठवड्यातून एक तास अशा मुलाखतीसाठी राखावा. प्रश्न आधी कळविले जाऊ नयेत. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही पाळीपाळीने बोलवावे. तिसरे, या मुलाखतींची लिखित प्रत महाविद्यालयीन ग्रंथालयांना उपलब्ध असावी. पाच वर्षांपूर्वी मंत्री काय म्हणाले होते हे विद्यार्थ्याला अर्ध्या तासात शोधता आले, तर राज्यशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम आपोआप जिवंत होईल.

यावर कोणी म्हणेल की, ज्या देशात शाळांना छप्पर नाही तेथे मुलाखतींवर खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. पण शाळेचे छप्पर कोणत्या वर्षी मंजूर झाले होते आणि ते पैसे कोठे गेले, हे शेवटी कोणीतरी कोणाला तरी विचारावेच लागते. शिक्षक आपल्या संस्थाचालकाला ते विचारू शकत नाही. कारकून आपल्या खातेप्रमुखाला विचारू शकत नाही. विद्यार्थ्याला तर कोणी दारातही उभे करीत नाही. या तिघांच्या वतीने, त्यांच्याच करातून वेतन घेणारा आणि तरीही मंत्र्याच्या मर्जीवर नसलेला माणूस नेमणे, यात चैन काही नाही.

अमेरिकेने १९६७ साली स्वतंत्र निधीचे कलम गाळले आणि त्याची किंमत तिला १९७२, २००५ आणि २०२५ अशी तीनदा मोजावी लागली. प्रत्येक वेळी सरकार वेगळे होते, कारणे वेगळी दिली गेली, पण वापरलेली फट एकच होती. आपल्या कायद्यात ती फट १९९० पासून उघडी आहे. अनुदानाचा आकडा वाढवावा की कमी करावा, हा वाद दुय्यम आहे. तो आकडा कोणी, किती वर्षांसाठी आणि कोणाच्या मर्जीवाचून ठरवावा, हे आधी ठरले पाहिजे.